मधल्या जागेत चारच

संघमित्रा सकाळपासून तिसऱ्यांदा उठून नळावर तोंड धुऊन आली, पण बसवत काही नव्हतं. पिंप्राळ्यातल्या त्या दोन खोल्यांपैकी बाहेरची फरशी सगळी कागदांनी भरली होती, आणि कागदांमधून सुतळीची दोन मोठी कडी एकमेकांवर चढून पडली होती. डाव्या कड्यात कामासाठी गाव सोडून जाणारी कुटुंबं, उजव्या कड्यात ज्यांची पोरं शाळेत जातात ती कुटुंबं, आणि दोन्ही कडी जिथे एकमेकांवर येत होती त्या मधल्या जागेत दोन्ही गोष्टी लागू असलेली. सुतळी टाकून फॉर्म वेचायचं हे खूळ तिने स्वतःच काढलेलं. कॉम्प्युटर हीच व्हेन आकृती चुटकीसरशी काढून देतो, रंग भरून देतो, पण त्यात फॉर्म हातात येत नाही. आणि फॉर्म हातात आल्याशिवाय या बाईला आकडा पटत नाही.

मधल्या जागेत चार फॉर्म पडले होते. चारच.

"हाई काय मांडी ठेयेल शे?" लिलाबाई दळणाचा डबा कमरेवर घेऊन दारातच थबकल्या. शिंदखेडा सोडून त्यांना वीस वर्षं होऊन गेली होती, पण त्यांची बोली काही पिंप्राळ्याला आली नव्हती. "पाय ठेवाले जागा नही घरमा."

"आई, कडेकडेने जा. आणि मधल्यातलं काही हलवू नको, तेवढेच आहेत."

"किती?"

"चार."

"मंग रडस काब्र? काम कमी."

काम कमी! संघमित्राला हसूही येईना. या चार फॉर्मांवर सातपुड्याच्या पायथ्याचं एक वसतिगृह बंद पडायला निघालं होतं, आणि ते कागद तिच्या हातचे होते.

गोष्ट अशी होती. शिरपूरच्या वर, डोंगराला लागून असलेल्या एका पाड्यावर हंगामी वसतिगृह चालायचं. दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला गुजरातेत जातात. पोरं सोबत गेली तर शाळा सुटते, म्हणून पोरांनी इथे राहायचं, दोन वेळ जेवायचं, शाळेत जायचं. पटावर अडतीस पोरं. जळगावच्या ज्या संस्थेत संघमित्रा सर्वेचं काम बघत होती, त्या संस्थेने पाड्यावरच्या सगळ्या घरांचा सर्वे केला, आणि सर्वे म्हणाला की कामासाठी बाहेर जाणारी कुटुंबं नगण्य. मग अडतीस पोरं आली कुठून? साधी अक्कल असलेला माणूसही म्हणेल, पट फुगवलाय. धुळ्याच्या कार्यालयाने तेच म्हटलं. अहवाल पावसाळ्यात गेला, दिवाळीपासून वसतिगृहाचा शिधा थांबला, आणि आता पौषात, उद्या सकाळी, ते कायमचं बंद करायची बैठक होती. त्या कार्यालयातल्या अधिकारी ज्योत्स्नामॅडमनी निरोप पाठवला होता की नुसती बेरीज नको. दोन्ही प्रश्न एकमेकांवर लावून चित्र आणि तक्ता आणा. म्हणून ही सुतळी.

तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता काढला. आडवं, बाहेर जातात आणि जात नाहीत. उभं, पोरं शाळेत आहेत आणि नाहीत. चार खणांत एकशे बारा घरं वाटली. बाहेर जातात आणि पोरं शाळेत, चार. बाहेर जातात आणि पोरं शाळेत नाहीत, तीन. बाकी सगळं गाव खालच्या ओळीत, आपापल्या घरी, चुलीपाशी, पोराबाळांसकट. बेरीज आडवीही जुळत होती आणि उभीही. चुकली असती तर तिला बरं वाटलं असतं.

कारण हा सर्वे तिचा लाडका होता. आदल्या वर्षी सर्वे करणाऱ्या पोरांची टोळी हिवाळ्यात पाड्यावर गेली आणि अर्ध्याहून जास्त फॉर्मांवर 'घर बंद' लिहून कोरे कागद घेऊन परत आली. संस्थेचे प्रमुख योगेंद्र सर त्या पोरांवर इतके भडकले की तो गठ्ठा त्यांनी रद्दीतच टाकला. तेव्हा संघमित्रा म्हणाली होती, सर, होळीच्या आठवड्यात जाऊ या. मी शिंदखेड्याची. सातपुड्यातला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, होळीला पाड्यावर येणार म्हणजे येणार. आणि खरंच, होळीच्या आठवड्यात एकही दार बंद सापडलं नाही. एकशे बारातले एकशे बारा फॉर्म भरून आले. सरांनी भर बैठकीत तिची पाठ थोपटली होती. ती पाठ पुढे महिनाभर ताठ होती.

पण वसतिगृह चालवणाऱ्या सुनंदाबाईंनी त्याच आठवड्यात तिला चहा पाजला होता. पोरांच्या नावानिशी त्यांनी काय काय सांगितलं होतं: हा रात्री झोपेत चालतो, हिला अंडं चालत नाही. खोट्या पोरांना अंडं न चालायचं काय कारण? हा प्रश्न संघमित्राच्या डोक्यात कालपासून भुणभुणत होता. तिने एकदम वाकून फॉर्म गोळा केले, पिशवीत कोंबले.

"मी शिरपूरला जाऊन येते."

"आते?"

"आत्ता. रात्री धुळ्यालाच थांबेन, उद्या बैठक आहे तिथेच."

लिलाबाईंनी दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या.

चोपड्याच्या रस्त्याची गाडी निघाली तशी तिची घालमेल वाढली. खिडकीबाहेर केळीच्या बागा, मग कापूस, मग पुन्हा केळी. तिने दोनदा योगेंद्र सरांना फोन लावायला काढला आणि दोनदा ठेवून दिला. काय सांगणार? सर, आकडे बरोबर आहेत पण मला करमत नाही? शिरपूरला उतरून जीप मिळेपर्यंत तिने आईच्या भाकरीचा एक तुकडा मोडला, आणि तसाच परत फडक्यात ठेवला. जीपवाल्याने विचारलं, वर कुणाकडे? ती म्हणाली, सगळ्यांकडेच. तो हसला आणि म्हणाला, मग लवकर परत याल.

तो का हसला ते पाड्यावर घरोघरी गेल्यावर कळलं. तिथली घरं एका ठिकाणी नसतात. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, एक या टेकाडावर तर दुसरं त्या उतारावर. पहिलं घर तेरसिंगचं. होळीला तिने स्वतः या घराचा फॉर्म भरला होता. ओट्यावर बसून तेरसिंगची बायको रेशमा हसत हसत उत्तरं देत होती, पोरगी रोशनी आईच्या पाठीला रेलून उभी होती. आज कुडाच्या भिंतीतलं दार ओढलेलं, आणि दारावर बोरीची फांदी, बोराटी, आडवी लावलेली, काट्यांसकट. शेतात गेले असतील, असं म्हणून संघमित्रा पुढच्या घरी गेली. तिथेही बोराटी. तिसऱ्या घरी बोराटीवर कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि ते जाळं काही आजचं नव्हतं. चौथ्या घरी एक म्हातारी उन्हात बसली होती, तिने हातानेच खाली, पश्चिमेकडे, गुजरातच्या अंगाला खूण केली.

संघमित्राने पिशवीतून फॉर्म काढले. तेरसिंगचा फॉर्म. 'घरातलं कोणी सध्या कामासाठी बाहेरगावी आहे का?' नाही. 'मूल सध्या कुठे राहतं?' घरी. पुढचा फॉर्म. नाही, घरी. पुढचा. नाही, घरी. खाली तिची सही, तिच्याच अक्षरात होळीच्या आठवड्यातली तारीख.

ती तिथेच बांधावर बसली. होळीला सगळे येतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. येतात म्हणजे कुठून तरी येतात, एवढी साधी गोष्ट मात्र त्या ताठ पाठीच्या बाईच्या डोक्यात शिरली नव्हती. तिने सगळं गाव एकाच आठवड्यात घरी गाठलं आणि विचारलं काय, तर तुम्ही घरी आहात का? आणि ती सात घरं, ज्यांनी 'बाहेर आहे' म्हटलं होतं, ती अशांची होती ज्यांचं माणूस होळीलासुद्धा येऊ शकलं नव्हतं. तीच तेवढी तिच्या डाव्या कड्यात पडली. उरलेला पाडा तिने उचलून खालच्या ओळीत, चुलीपाशी बसवून टाकला होता. आदल्या वर्षीचे ते रद्दीत गेलेले 'घर बंद'वाले फॉर्मच खरे होते. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या तापल्या.

वसतिगृह म्हणजे शाळेमागच्या पत्र्याच्या दोन खोल्या. सुनंदाबाई चुलीपुढे होत्या. तिला बघून त्या उठल्या नाहीत.

"उन्यात का, ताई? देखा आते. मोजा पोरे. मी खोटा पोरे लिखेल शेतस का ते देखा."

"अक्का, माझं ऐका तरी."

"काय आयकू? दिवायीपासून दाना नही. दुपारले शाळानी खिचडी, संध्याकायले जे गोया व्हई ते. रविवारले शाळा नही, मंग खिचडीबी नही." त्यांचा आवाज चढला तशी आतली पोरं दारात गोळा झाली. "मन्हा घरनं पीठ लई येस मी. कितलं पुरई?"

पटावर अडतीस होती, दारात एकवीस. बाकीची सतरा? सुनंदाबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. शिधा बंद झाल्याचं कळलं तसे एकेकाचे नातेवाईक आले आणि पोराला उसावर आईबापाकडे पोचवून आले. तिथे निदान आईच्या ताटातलं मिळतं. जी उरली त्यांना न्यायला कुणी आलं नव्हतं, म्हणून ती उरली.

रोशनी ताटल्या घासत होती. सातवीत होती ती. होळीला आईच्या पाठीला रेलणारी पोरगी आता ताटल्यांचा ढीग एकटीने उचलत होती. संघमित्राने तिच्याजवळ बसून विचारलं, "आई कुठे आहे गं?"

"ऊसवर."

"कधी येणार?"

"होळीले येई," रोशनी म्हणाली, आणि पुढची ताटली घेतली.

संघमित्राने फडक्यातल्या भाकरी काढून सुनंदाबाईंच्या परातीत ठेवल्या. एकवीस पोरांत दोन भाकरी म्हणजे काहीच नव्हे, हे तिलाही कळत होतं.

शिरपूरच्या स्टँडवरून तिने योगेंद्र सरांना फोन केला. सगळं एका दमात सांगितलं.

"संघमित्रा, आत्ता तिथे किती पोरं आहेत?"

"एकवीस."

"पटावर अडतीस. उद्या मॅडम पहिलं हेच विचारतील. म्हणजे अहवाल बरोबरच ठरला."

"सर, उरलेली आपल्यामुळे गेली!"

"हे तू म्हणतेस. कागद काय म्हणतो?" मग त्यांचा आवाज जरा उतरला. माणूस वाईट नव्हता. वीस वर्षं घासून त्याने संस्था उभी केली होती. "हा एक सर्वे चुकला असं आपणच म्हटलं, की मागचे सगळे चुकले असं होतं. पाण्याचा, कुपोषणाचा, सगळे. तो विचार कर. आणि उद्या मी बोलतो, तू फक्त चित्र दाखव."

रात्र तिने धुळ्यात मावसबहिणीकडे काढली, म्हणजे कूस बदलत काढली. सकाळी कार्यालयाच्या पायऱ्यांवर योगेंद्र सर भेटले तेव्हा त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, झोप झाली का? तीही न बघता हो म्हणाली.

बैठकीत माणसं मोजकीच होती. ज्योत्स्नामॅडम म्हणजे कामाचा ढीग उपसून उपसून आवाज बसलेली बाई. टेबलावर फायली, फायलींवर जेवणाचा डबा. योगेंद्र सरांनी प्रस्तावना केली आणि भिंतीवर संघमित्राचं चित्र उमटलं. दोन गोल, एक निळा, एक केशरी, मधल्या जागेत चार. शेजारी तक्ता.

"चांगलं सुटसुटीत आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे चार कुटुंबांसाठी वसतिगृह."

"मॅडम, हे चूक आहे," संघमित्रा म्हणाली.

योगेंद्र सरांनी डोळे मिटले.

ती उठली. तिने बोटानेच भिंतीवरच्या तक्त्यावर दाखवलं. "या खालच्या ओळीत, 'बाहेर जात नाहीत' या ओळीत, एकशे पाच घरं आहेत. काल मी त्यातल्या काही घरांच्या दारात जाऊन आले. दारं बंद आहेत. सर्वे होळीच्या आठवड्यात झाला. तेव्हा सगळे परत आलेले असतात. आपण विचारलं, सध्या बाहेर कोणी आहे का? ते म्हणाले, नाही. खरंच नव्हतं. ही घरं वरच्या ओळीत जायला हवीत. आणि एकदा ती वर गेली की मधल्या जागेत चार उरत नाहीत, मॅडम. मधली जागाच सगळ्यात मोठी होते."

"होळीचा आठवडा कुणी ठरवला?"

"मी."

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्ही म्हणता तुमचाच सर्वे चूक. काल चूक नव्हता, आज आहे. उद्या पुन्हा बरोबर म्हणाल. मी कशावर सही करू? घर बंद आहे म्हणजे ऊसतोडीलाच गेलेत हे कशावरून? लग्नाला गेले असतील." त्यांनी हात पुढे केला. "काल ज्या घरी गेलात त्यातलाच एक फॉर्म द्या. नंबर असेल ना त्यावर?"

संघमित्राने तेरसिंगचा फॉर्म दिला. आता एका मिनिटात सगळं उघड होईल या विचाराने तिला मोकळा श्वास घेता आला. मॅडमनी टेबलावरच्या फोनवरून नंबर लावला, आवाज मोठा केला. बराच वेळ वाजून फोन उचलला गेला. मागे ट्रॅक्टरची धडधड, कुणीतरी गुजरातीत ओरडत होतं. बाईचा आवाज. रेशमा.

"धुळ्याहून बोलतेय, सरकारी ऑफिसातून. तेरसिंग यांचं घर ना? तुम्ही कुठे आहात आत्ता?"

ट्रॅक्टरची धडधड जरा लांब गेली.

"घर शे, बाई."

"पाड्यावर?"

"हा. पाडावरच."

"आणि मुलगी? रोशनी?"

"तीबी घरच शे. बठ्ठा घरच शेतस आम्ही."

मॅडमनी संघमित्राकडे पाहिलं. योगेंद्र सरांनी सुस्कारा सोडला, तो सुटकेचा होता की कीव केल्याचा ते कळलं नाही. ही बाई खोटं का बोलते? आणि मग तिला ते लखलखीत दिसलं. सरकारी ऑफिसातून फोन. तुम्ही कुठे आहात? या प्रश्नाला पाड्यावरचा माणूस दुसरं काय उत्तर देणार? बाहेर आहोत म्हटलं की रेशनच्या यादीतून नाव जाईल, ही धास्ती घेऊनच ही माणसं उसात उतरतात. होळीलासुद्धा कुणी बाहेर असतं तरी रेशमाने घरीच सांगितलं असतं.

ती टेबलावर वाकली. "रेशमाताई, मी संघमित्रा. होळीला तुमच्या ओट्यावर बसले होते, आठवतं? काल मी पाड्यावर गेले होते. तुमच्या दाराला बोराटी लावलेली आहे. घर नीट आहे, कुणी हात लावलेला नाही."

पलीकडचा आवाज एकदम बारीक झाला. "आमनं नाव ते नही कापाव ना, ताई?"

"नाही कापणार. कुणी कापणार नाही." मॅडमकडे बघत तिने हे म्हटलं, आणि मॅडमनी मान डोलावली.

"तुमी पाडावर ग्यात?" ट्रॅक्टरवरून कुणीतरी हाक मारत होतं, पण रेशमा त्याला ओ देत नव्हती. "रोशनीले देखं का? दोन्ही टाइम जेवस ना ती?"

मॅडमनी फोन स्वतःकडे ओढला.

"जेवेल," त्या घाईने म्हणाल्या. "आजपासून दोन्ही वेळ जेवेल, बाई."

"आजपासून म्हंजे?" रेशमा म्हणाली. "आतापावत नही जेवनी का ती?"

मॅडमनी खाली पाहिलं. योगेंद्र सर भिंतीवरच्या निळ्या गोलाकडे बघत होते. संघमित्राच म्हणाली, "एकच वेळ, ताई. दिवाळीपासून. माझ्या हातून चूक झाली."

रेशमा रडली नाही, ओरडली नाही. "मी येस तिले लेवाले," एवढंच म्हणाली. "मन्हाजोडे ऱ्हाई ते खाई तरी." आणि फोन बंद झाला.

संघमित्राने लगेच पुन्हा लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मॅडम तोवर शिध्याच्या कागदावर सही करत होत्या आणि शिरपूरला कुणाला तरी बसल्या आवाजात झापत होत्या की पोरांचं धान्य आज म्हणजे आज निघालं पाहिजे. वसतिगृह वाचलं होतं. पण संघमित्राला त्याचा आनंद होईना. रेशमा एकदा येऊन पोरीला घेऊन गेली की सातवी तिथेच संपली. उसात गेलेली पोरगी पुढच्या वर्षी कोयता धरते.

"गाडी आहे माझी," योगेंद्र सर तिच्या मागे उभे राहून म्हणाले. "चल. सरकारी धान्य येईल तेव्हा येईल. डाळ-तांदूळ शिरपूरला घेऊ."

सरांनी दुकानात पोती उचलली तेव्हा त्यांचा पांढरा शर्ट खांद्यावर पिवळा झाला, आणि ते झटकायलाही विसरले. पाड्यावर पोचल्यावर सुनंदाबाईंनी आधी पोत्यांकडे, मग माणसांकडे पाहिलं, आणि कुणालाही बसा न म्हणता चूल पेटवली.

उन्हं उतरायच्या आत पंगत बसली. वरण-भात, वर तेल-मिरचीची फोडणी. रोशनीच्या ताटलीतला भात संपत आला होता, तेवढ्यात संघमित्राने पुन्हा लावलेला फोन रेशमाने उचलला. संघमित्राने फोन तसाच पोरीच्या कानाला लावला.

"मा," रोशनी भरल्या तोंडाने म्हणाली.

फोनमधला आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "काय खाई ऱ्हायनी?"

"वरण-भात."

"खोटं नको बोलू."

रोशनीने सुनंदाबाईंकडे पाहिलं. सुनंदाबाई वाढता वाढता ओरडल्या, "खरंच शे वो रेशमा! दुसरांदा वाढी ऱ्हायनी तिले!"

रेशमाने विचारलं, "सकाय पन भेटी का?"

"भेटी," सुनंदाबाई म्हणाल्या.

"मंग ऱ्हाय तठेच," रेशमा पोरीला म्हणाली. "शाळा नको बुडाडू."

संघमित्रा उठून बाहेर आली. तिचे डोळे भरले होते आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. दाराशी घासलेल्या ताटल्या होत्या, सतरा, उपड्या घातलेल्या. योगेंद्र सर पायरीवर बसून त्यांच्याकडेच बघत होते.

"गेलेल्या पोरांच्या आयांचे नंबर आहेत?" त्यांनी विचारलं.

तिने पिशवीतून फॉर्म काढले, अर्धे सरांच्या हातात दिले, आणि पायरीवर बसून वरचा पहिला नंबर लावला.